स्त्रीचे आरोग्य : जन्मापासून वार्धक्यापर्यंत

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात थोडी चलबिचल झाली असेल. बाप आणि लेक, भाऊ आणि बहीण एकाच सभागृहात बसलेले असताना पाळी, गरोदरपण, गर्भाशय असल्या गोष्टी उघड बोलाव्यात काय? शंका रास्त आहे. हया हा आपल्याकडे मोठा गुण मानला जातो आणि मीही तो मानते. परंतु आपल्या फिकहच्या किताबांत पाळी, बाळंतपण, दूध पाजणे या विषयांवर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत, ती लिहिणाऱ्यांना लाज वाटली नाही. मदिनेच्या अन्सारी स्त्रिया असे प्रश्न विचारायला कचरत नसत आणि त्याबद्दल हजरत आयेशा यांनी त्यांची तारीफ केली, असे हदीसमध्ये नमूद आहे. तेव्हा शरम आणि अज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण सुरुवातीलाच मान्य करू या. शरमेने कोणी मरत नाही. अज्ञानाने माणसे मरतात, आणि या बाबतीत मरणारी बहुधा बाईच असते.

स्त्रीचे आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फक्त बाळंतपण येते. १९९४ साली कैरो येथे लोकसंख्येच्या प्रश्नावर जागतिक परिषद भरली होती, तीत १७९ देशांनी एक गोष्ट मान्य केली : स्त्रीच्या प्रजनन-आरोग्याचा विचार तिच्या सबंध आयुष्याचा विचार करूनच केला पाहिजे, आणि मूल केव्हा व किती हे ठरविणे हा पति-पत्नींचा हक्क आहे. हक्क हा शब्द ऐकून दचकू नका. हक्क म्हणजे घरात भांडण नव्हे. माहिती मिळणे, औषधपाणी वेळेवर मिळणे, आणि आपल्या शरीरावर जे काही करावयाचे त्याबद्दल आपल्याला आधी विचारले जाणे, एवढाच त्याचा साधा अर्थ. आता मुलीच्या जन्मापासून सुरुवात करू.

मूल मुलगा होणार की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरते. आईच्या बीजात तो फरकच नसतो. तरीही तिसरी मुलगी झाली म्हणून बोलणी कोणाला बसतात, हे तुम्ही जाणता. गर्भातील मुलगी ओळखून तिला काढून टाकण्याचा धंदा वाढला तेव्हा १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला, आणि १९९४ साली तो साऱ्या देशासाठी झाला. लिंग विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे. आपल्या समाजात मुलगी पोटात मारत नाहीत, असे अभिमानाने सांगितले जाते, ते चांगलेच आहे. पण दस्तरखानावर काय चालते तेही पाहा. बोट्या मुलाच्या ताटात आणि शोरवा मुलीच्या ताटात. दूध त्याला, चहा तिला. आणि अम्मी सर्वांच्या शेवटी, भांड्यात जे उरेल ते. मुलीच्या आरोग्याचा पाया इथेच कच्चा राहतो.

दहा-बारा वर्षांची झाली की मुलीचे अंग बदलू लागते. साधारण बारा ते चौदाच्या दरम्यान पाळी सुरू होते. वर्ष-दोन वर्षे मागेपुढे झाली तरी घाबरण्याचे कारण नाही. मात्र पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीची एक-दोन वर्षे पाळी पुढेमागे होते. पुढे ती २१ ते ३५ दिवसांच्या अंतराने येते आणि दोन ते सात दिवस राहते. हा आजार नाही आणि शिक्षा तर नाहीच. मातांनो, माझी तुम्हाला विनंती आहे की पाळी येण्यापूर्वीच मुलीला हे सांगून ठेवा. कित्येक मुली पहिल्यांदा रक्त पाहून आपल्याला काही भयंकर रोग झाला असे समजून रात्रभर रडतात. पॅड वापरा की कापड, हा ऐपतीचा प्रश्न आहे. पण कापड असेल तर ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवले पाहिजे. कपाटामागे, अंधारात, ओलसर जागी लपवून वाळवलेले कापड जंतूंचे घर होते. पॅड किंवा कापड चार ते सहा तासांनी बदलावे.

रमजानमधली एक गोष्ट सांगते, कारण ती बाहेरच्या माणसांना ठाऊक नसते आणि घरची माणसे तिच्याविषयी बोलत नाहीत. पाळीच्या दिवसांत रोजा माफ आहे. तो नंतर ठेवावयाचा असतो. परंतु अब्बांना आणि भावांना कळू नये म्हणून कित्येक मुली सहेरीला सर्वांबरोबर उठतात, दिवसभर तोंडात पाण्याचा थेंब घेत नाहीत आणि इफ्तारला सर्वांबरोबर बसतात. जी सवलत धर्माने दिली, ती घराच्या संकोचाने काढून घेतली. बापांनो, भावांनो, एखाद्या दिवशी घरातली मुलगी स्वयंपाकघरात पाणी पिताना दिसली तर काही विचारू नका आणि हसू नका. एवढी समज तुम्ही दाखविलीत तरी माझे आजचे भाषण वाया गेले नाही असे मी समजेन. हीच गोष्ट शाळेची. स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही, वापरलेले पॅड टाकायला डबा नाही, म्हणून मुलगी महिन्यातून चार दिवस घरी राहते. मग गणित मागे पडते, मग परीक्षेची भीती वाटते, आणि मग घरचे म्हणतात, हिचे शिक्षणात लक्ष नाही, हिच्यासाठी स्थळ बघा. शिक्षण सुटण्याची सुरुवात पुष्कळदा एका मोडक्या कडीपासून होते.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांमागे ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले; साऱ्या देशात हा आकडा ५७ आहे. म्हणजे रक्त पुरेसे असणे हाच आपल्याकडे अपवाद झाला आहे. तरुण मुलीच्या रक्तातील हिमोग्लोबिन १२ च्या खाली असता कामा नये. जिना चढताना धाप लागते, अभ्यासाला बसले की झोप येते, केस गळतात, नखे पांढरी दिसतात. आपण म्हणतो, मुलगी आळशी आहे. ती आळशी नसते, तिच्या रक्तात लोह नसते. हिरव्या भाज्या, डाळी, मोड आलेली कडधान्ये, मांस, कलेजी, खजूर यांतून लोह मिळते. जेवणावर लिंबू पिळले तर ते अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर लागत नाही. शाळेतून आठवड्याला लोहाची एक निळी गोळी मुलामुलींना मिळते, आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते. या गोळ्यांनी पुढे मुले होत नाहीत, अशी अफवा मधूनमधून मोहल्ल्यात उठते. त्यात काडीचेही तथ्य नाही. उलट या गोळ्या नाकारल्याने पुढचे बाळंतपण धोक्याचे होते.

आता लग्नाचा प्रश्न. मुलगी बालिग झाली, आता उशीर नको, असे म्हणणारे वडीलधारे आपल्यात अजून आहेत. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी जवळजवळ २२ जणींची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली होती. हे कोणा एका जातीचे वा धर्माचे दुखणे नाही. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे वय १४ ठरविले, १९४९ साली ते १५ झाले आणि १९७८ साली १८. २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कायद्याच्या बारकाव्यांवर वकील मंडळींनी वाद घालावा; मी डॉक्टर आहे, मी हाडांविषयी बोलते. पाळी सुरू झाली म्हणजे शरीर तयार झाले असे होत नाही. ज्या वाटेने मूल बाहेर यावयाचे त्या कमरेच्या हाडांची वाढ पाळी आल्यानंतरही काही वर्षे चालू असते. कोवळ्या वयात दिवस गेले की मूल अडते, झटके येतात, मूल कमी वजनाचे जन्मते.

आपल्याच महाराष्ट्रातील आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घ्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि ते मूल दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या डॉक्टर होण्यासाठी सातासमुद्रापार गेल्या आणि १८८६ साली अमेरिकेत पदवी मिळवून परत आल्या. १८८७ साली, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, क्षयाने त्यांचे निधन झाले. त्या गोष्टीला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाडांत या काळात काही फरक पडलेला नाही.

निकाहात मुलीचा कबूल विचारतात. साक्षीदार दाराबाहेर उभे, आत मुलगी मान खाली घालून बसलेली, आणि कोणीतरी मावशी तिच्या वतीने हुंकार देते. हा कबूल झाला काय? ज्या मुलीने जन्मात कधी घरात आपले मत दिले नाही, तिच्याकडून त्या एका क्षणी मत कसे येणार? संमती ही लहानपणापासूनची सवय आहे. पूर्वजांनीही याचा विचार केला होता. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानुसार पंधरा वर्षांच्या आत बापाने वा पालकाने लावून दिलेला निकाह, पति-पत्नी संबंध आलेला नसेल तर, मुलीला अठरा वर्षांची होण्यापूर्वी नाकारता येतो. याच संदर्भात नात्यातल्या लग्नांविषयीही दोन शब्द सांगते. चुलत, मामे, आते भावंडांची लग्ने आपल्यात होतात, आणि इतर समाजांतही मामाची मुलगी करतात. अशा लग्नात मुलात जन्मजात दोष असण्याचा धोका साधारण शंभरात तीनवरून सहावर जातो. म्हणजे बहुतेक मुले धडधाकटच निघतात, पण धोका दुप्पट होतो. निदान लग्न ठरविण्याआधी दोघांची थॅलेसेमियाची रक्ततपासणी करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी असते की मुलाला जन्मभर दुसऱ्याच्या रक्तावर जगावे लागेल.

गरोदरपणाविषयी मी थोडक्यात सांगते. पाळी चुकली की तीन महिन्यांच्या आत दवाखान्यात नाव नोंदवा, आणि बाळंतपणापर्यंत निदान चार वेळा तपासणी करून घ्या. रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी आणि साखर पाहिलीच पाहिजे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. लोहाची गोळी सहा महिने रोज घ्यावी. काळी शौच होते म्हणून ती बंद करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज्याची सवलत आहे, तिचा उपयोग डॉक्टरांना विचारून करावा. आता पुढची लक्षणे घरातील प्रत्येक पुरुषानेही पाठ करावीत : अंगावरून रक्त जाणे, जोराची डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर आणि हातांवर सूज, झटके, ताप, पोटातील मुलाची हालचाल मंदावणे. यांपैकी एक जरी दिसले तरी १०८ क्रमांकाला फोन करा. नवरा परगावी आहे, सासरे मशिदीतून आले की विचारू, उद्या सकाळी बघू, असे म्हणण्यात जो वेळ जातो त्यातच बाई जाते. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांतही सर्व काही संपू शकते. म्हणून सातव्या महिन्यातच घरात ठरवून ठेवा, की कोणत्या दवाखान्यात न्यायचे, रक्त कोण देणार, आणि घरात कर्ता पुरुष नसला तर निर्णय कोण घेणार.

२००४ ते ०६ या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत. २०१८ ते २० या काळात तो आकडा ९७ वर आला, आणि महाराष्ट्रात ३३ वर. म्हणजे हे मृत्यू टळू शकतात, हे सिद्ध झाले आहे. मूल झाल्यावर पहिला पिवळा चीक फेकून देऊ नका. ती मुलाची पहिली लस आहे. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीसुद्धा नको.

दोन मुलांतील अंतराकडे वळू. कुराणशरीफच्या दुसऱ्या सूरेत दोन वर्षे अंगावर पाजण्याचा उल्लेख आहे, आणि आजचे वैद्यकशास्त्रही म्हणते की एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस जाण्यापूर्वी निदान दोन वर्षे जावीत. अंतर ठेवण्याची गोष्ट आपल्या परंपरेला परकी नाही. पैगंबरांच्या काळी सहाबा अज्ल करीत असत असे हदीसमध्ये आहे, आणि इमाम गझाली यांनी पत्नीच्या जिवाची काळजी हे त्याचे एक योग्य कारण मानले आहे. सरकारी दवाखान्यांत निरोध, माला-एन, आठवड्याची छाया गोळी, तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन आणि तांबी ही साधने विनामूल्य मिळतात. कोणाला कोणते मानवेल हे डॉक्टर सांगतील. निवड मात्र पति-पत्नींनी करावयाची.

या विषयावर आपल्या समाजाच्या मनात एक भीती आहे, आणि ती उगाच आलेली नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत जबरदस्ती झाली, आणि हरियाणातील उटावर गावच्या मुसलमान शेतकऱ्यांना पोलिसांनी धरून नेल्याची गोष्ट अजून सांगितली जाते. महाराष्ट्रात तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच १९७६ साली विधिमंडळात मंजूर झाले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. सरकारने शरीरावर सक्ती करणे अन्याय आहे, असे आपण तेव्हा म्हटले आणि योग्यच म्हटले. मग तोच न्याय घरातही लावा. सासूने, नवऱ्याने किंवा मोहल्ल्याने बाईवर पाचवे बाळंतपण लादणे ही सक्ती नाही काय? आणि इच्छा नसता तिची शस्त्रक्रिया करून टाकणे हीदेखील सक्तीच. महाराष्ट्रात २०१९ ते २१ च्या पाहणीत शंभर विवाहित जोडप्यांमागे ४९ स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुष शंभरात एकही भरत नव्हता. पुरुषाची शस्त्रक्रिया लहान, सोपी आणि कमी धोक्याची असते, तिने पौरुष जात नाही. तरी सगळा भार बाईच्या पोटावर. आणखी एक आकडा लक्षात ठेवा. देशातील मुस्लिम स्त्रीमागे सरासरी मुले १९९२-९३ च्या पाहणीत ४.४ होती, २०१९ ते २१ च्या पाहणीत ती २.४ झाली. हे कोणाच्या दंडुक्याने झाले नाही. मुली शिकल्या, मुले जगू लागली, आणि मातांनी आपणहून ठरविले.

गर्भपाताच्या बाबतीत धर्माची बाजू उलेमांना विचारावी. कायद्याची बाजू अशी : १९७१ च्या कायद्यानुसार ठराविक कारणांसाठी नोंदणीकृत डॉक्टराकडून तो कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराचे मत पुरते, आणि काही प्रकारच्या प्रसंगांत चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांचे लागते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची वा सासूची सही कायदा मागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरावर बंधनकारक आहे. हे मी एवढ्यासाठी सांगते की भीतीपोटी बाया दुकानातून गोळ्या आणतात किंवा अडाणी हाताखाली जातात, आणि रक्त जाऊन अत्यवस्थ होऊन आमच्याकडे येतात.

मूल होत नाही, तेव्हाही दोष बाईचाच. तिला दर्ग्यावर नेतात, हकिमाकडे नेतात, आणि मग दुसऱ्या निकाहाची भाषा सुरू होते. वास्तविक अशा जोडप्यांपैकी फार मोठ्या संख्येत दोष पुरुषाच्या बाजूला किंवा दोघांतही असतो. पुरुषाच्या वीर्याची तपासणी स्वस्त, सोपी आणि न दुखणारी आहे. ती आधी करा. बाईच्या पोटावर दुर्बीण टाकण्याची घाई त्यानंतर.

बाई आपले दुखणे किती लपवते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा अहवाल १९८९ साली प्रसिद्ध झाला. शंभरातील ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. पांढरे जाणे, कंबर दुखणे, संबंधाच्या वेळी दुखणे हे सगळे नशिबाचे भोग म्हणून सोसले जात होते. दुर्गंधीचे, हिरवट-पिवळे किंवा खाज आणणारे पाणी जात असेल तर त्यावर औषध आहे. बहुधा नवऱ्यालाही ते घ्यावे लागते. दुखणे लपविले की मग ते थेट पिशवी काढण्यापर्यंत जाते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांची सरकारने पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक बायांचे गर्भाशय काढलेले आढळले. पुष्कळ जणी चाळिशीच्याही आतल्या. तेव्हा कोणी म्हणाले की पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल, तर दुसऱ्या डॉक्टराचे मत घेतल्याशिवाय सही करू नका.

मात्र गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ही खरी गोष्ट आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना तो झाला आणि सुमारे ८० हजार दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे. हा रोग एका विषाणूपासून होतो, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो, आणि म्हणूनच वेळेवर पकडता येतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक मोठा प्रयोग केला. गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगर लावून पाहावयाचे. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. ही तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. निदान दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया होत्या. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला : या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात विषाणूच्या एकाच तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ साली दिसले. मुलींनो, दहावीपर्यंत शिकून काय होते असे कोणी विचारले तर हे उत्तर द्या. तिशीनंतर प्रत्येक स्त्रीने ही तपासणी करून घ्यावी, आणि महिन्यातून एकदा स्तनात गाठ लागते का ते स्वतः पाहावे. या विषाणूविरुद्ध लस आहे. ती नऊ ते चौदा वर्षांच्या वयात सर्वांत गुणकारी ठरते. पुण्यात बनलेली लसही २०२३ पासून मिळू लागली आहे. ही लस आपल्या जवळ कोठे मिळते याची चौकशी आजच आरोग्य केंद्रात करा.

पंचेचाळीस-पन्नासच्या सुमारास पाळी जाते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड होते. घरचे म्हणतात, अम्मीचा स्वभाव बदलला. तो स्वभाव नसतो, शरीर बदलत असते. हाडे ठिसूळ होतात, म्हणून नाचणी, दूध, तीळ, ऊन आणि चालणे हवे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा एक थेंब जरी रक्त दिसले तरी ताबडतोब दाखवा. आणि एक दुखणे तर आपल्या दादी-नानी कबरीपर्यंत बरोबर नेतात. खोकले, शिंकले की लघवीचे थेंब जातात, अंग बाहेर येते. वजू राहत नाही म्हणून त्या नमाजला बसताना रडतात, पण मुलाला वा सुनेला सांगत नाहीत. यावर व्यायाम आहेत, आत बसविण्याची रबरी कडी आहे, शस्त्रक्रिया आहे. आज घरी गेल्यावर दादीला एकांतात विचारा. हे विचारण्याचे काम नातींनीच करावे.

शेवटी माझ्या चार मागण्या आहेत. पालकांनी मुलीचे रक्त वर्षातून एकदा तपासावे आणि तिचे ताट भावाच्या ताटाइतकेच भरावे. मुलांनो, तुम्ही उद्याचे नवरे आणि बाप आहात. आज जे ऐकले त्याची थट्टा करू नका, ते लक्षात ठेवा. जमातीच्या जबाबदार मंडळींनी निकाह लावण्यापूर्वी मुलीच्या वयाचा दाखला पाहावा आणि तिचा कबूल तिच्याच तोंडून ऐकावा. आणि संस्थेने मुलींच्या स्वच्छतागृहांना कड्या, पाणी व झाकणाचे डबे द्यावेत, आणि महिन्यातून एक दिवस लेडी डॉक्टरांना शाळेत बोलवावे. एक दिवस यायला मी तयार आहे. तारीख संस्थेने कळवावी.